डावखुऱ्यांसाठी काय

दिंडोरी नाक्यावरच्या दुकानात
खताच्या पोत्यांना टेकून
मी लिहिलं होतं ते मोबाईलवरचं पान:
द्राक्षछाटणीची कात्री कशी निवडावी.

आधी सहा कात्र्या मामाच्या बागेत नेल्या, म्हसरूळला.
एकेकीनं शंभर शंभर काड्या कापल्या.
एकीनं काडी चिरडली,
एकीचा खटका ओल्या बोटांत निसटला,
सगळ्यात महागडीनं अंगठ्याला फोड आणला.
तेही लिहिलं, फोडाच्या फोटोसकट.
आणि खाली एक ओळ:
जुनीला अजून धार लागत असेल
तर नवी घेऊ नका.

चोरडियाशेठनी चष्मा कपाळावर चढवला.
"ताई, आपण दुकान मांडलंय की पाणपोई?"
मी म्हटलं, शेठ, ती ओळ काढली
तर वरच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?
ते बोलले नाहीत.
गल्ल्यातली चिल्लर पुन्हा मोजत बसले.

गोडी छाटणीच्या तोंडावर मोहाडीहून फोन.
आवाज बाईचा, मागे टेम्पोची घरघर.
"तुमचं ते वाचलं. आमच्या टोळीला
मोठ्यानं वाचून दाखवलं.
कात्री नको. स्प्रिंग तेवढी मिळंल का?
आन् एक इचारू?
समदं लिवलं, डावखुऱ्यांसाठी काय?
मी डावरी हाय."

सहा कात्र्या, सहाशे काड्या,
आणि हात प्रत्येक वेळी माझा उजवाच.

माहीत नाही, म्हटलं.
पलीकडे नुसता टेम्पो.
मग, "बरं झालं खरं बोलल्या.
पिंपळगावचा दुकानदार म्हनला, काय बी फरक पडत न्हाई."

वीस रुपयांची स्प्रिंग एसटीनं पाठवली,
पार्सलचं भाडं त्याहून जास्त.
शेठनी पावती पाहिली, फाईलला लावली.

बुधवारच्या बाजाराला आली ती.
काउंटरवर सहाही मांडून
डाव्या हातानं उघडमीट करत राहिली.
चार बाजूला सारल्या. "ह्यात पातंच दिसत न्हाई,
डोळा कापायचा का बोट?"

पानावर आता लिहिलंय:
डाव्या हाताला यांतल्या चार निकामी.
हे आम्हाला ठाऊक नव्हतं,
मोहाडीच्या मथुराबाई कळमकरांनी दाखवलं.

हल्ली कुणी कात्री मागितली
की शेठ लगेच कपाट उघडत नाहीत.
"आधी हात दाखवा," म्हणतात.
गिऱ्हाईक हसतं, पंचवटीत आहोत,
म्हणून भविष्य सांगता काय, शेठ?

"छे. फोड कुठं येईल
तेवढंच."