झाकणांचं शेत

किसुमूच्या काठावर आम्ही गाड्या धुतो.
आधी थेट सरोवरात उतरवायचो,
चाकं बुडेपर्यंत.
मातातू, ट्रक, एकदा तर शवागाराची गाडी.
तेल पसरायचं पाण्यावर
माशाच्या पोटासारखं चकाकत,
आणि पलीकडे पपायरस कापणारी म्हातारी अपोंडी
कंबरेवर हात ठेवून विचारायची,
"हेच पाणी रात्री तुझी आई उकळते ना रे, ओबात?"

मी रेडिओ मोठा करायचो.

मग नोटीस आली:
पाणी गाळून सोडा, नाहीतर बादल्या उचला.
कॉलेजातला ओचोला वाळूत काडीनं नकाशा काढून गेला.
खड्डा, तळाला ताडपत्री,
वर खडी, खडीत पपायरस.
खडीला बुळबुळीत थर धरतो म्हणे,
डोळ्यांना न दिसणारे जीव,
ते तेल खातात, साबण खातात,
मुळं त्यांना हवा पुरवतात.

खडीचा एक ट्रक म्हणजे
आमच्या एकवीस जणांची आठवड्याची कमाई.
झाकणं मात्र फुकट.
न बोलावता रोज लाटेबरोबर येतात
सोड्याची लाल, पाण्याची निळी,
खोकल्याच्या औषधाची पांढरी,
कुणाच्या तरी दातांच्या खुणा असलेली.
दोन महिने वेचली. एकोणतीस पोती.
बाटल्या कापून त्यांच्या चकत्या केल्या.
खड्डा भरला, रोपं खोचली,
फोटो काढला.

पहिल्याच दिवशी तीन ट्रक धुतले, पाणी सोडलं
आणि शेत उठलं.
खालून पाणघोडा वर यावा तसं
अख्खं, रोपांसकट, हळूहळू फुगत.
झाकणं काठावरून ओसंडून निघाली सरोवराकडे,
जणू सुट्टी संपवून घरी.

अपोंडी हसली नाही. ती घरी गेली
आणि नवऱ्याचं जाळं घेऊन आली,
सहा वर्षं खुंटीला टांगलेलं.
"याच्या नशिबातले मासे संपले," म्हणाली,
"आता हे धरू दे."
जाळ्यात झाकणं कोंबली, कडेला दगड बांधले,
पपायरसच्या सालीनं शिवत गेली,
चटईची वीण, दोन वरून, एक खालून.
"येते का तुला? नाही ना.
मग हे टोक पकड आणि गप्प बस."

सात महिने झाले.
पाणी आत जातं बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं.
पाइपातून बाहेर पडतं थेंब थेंब;
ते मोजायला मी रेडिओ बंद करतो.
स्वच्छ म्हणवत नाही.
पण बादलीच्या तळाशी टाकलेलं नाणं दिसतं,
छापा की काटा, तेही.
तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात.
आम्ही राखतोय.
चाखायचं धाडस अजून कुणी केलं नाही,
एका बेडकाशिवाय.

काल तिनं जाळ्याचा कोपरा उचलला.
एक पांढरं मूळ
बाटलीच्या तोंडातून शिरून
शेजारच्या चकतीभोवती गुंडाळलेलं.
कुठे रोप संपतं, कुठे कचरा सुरू होतो,
नखानं चाचपूनही तिला कळेना.
"हेही झिजणार एक दिवस," ती म्हणाली.
"भुगा होऊन कुठे जाणार ते?"
ओचोला काहीतरी सांगू लागला,
तपासणी, नमुने, वर्षं.
तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
पांघरुणाबाहेर आलेला पोराचा पाय आत सारावा
तसं तिनं मूळ आत सारलं,
हात स्कर्टला पुसले.

"उद्या ट्रक किती?"

"चार," मी म्हणालो.
"त्यातल्या एकाचं इंजिन गळतंय."