हार

इथे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
डंडीत उतरलात त्या पहिल्याच आठवड्यात
शेजारच्या मोरॅगने सांगितलं, आज हार येणार,
आणि तुम्ही म्हणे, आई, पदर नीट करून
दारात उभ्या राहिलात,
सत्कार कोणाचा आहे ते बघत.

ही गोष्ट तुम्ही मला लग्नानंतर सांगितलीत,
मग बाळंतपणात, मग घरी येईल त्या प्रत्येकाला.
बाबा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.
आता ते एकटे सांगायला जातात
आणि मोरॅगपाशी येऊन अडतात.

अठ्ठावीस वर्षं फिजिक्स.
टिपणीस कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून मिसेस टी.
शुक्रवारी शेवटच्या तासाला मागच्या बाकावरून
हमखास कोणीतरी विचारायचं, दूध घालू का, मिस?
आधी उकळू दे, म्हणायचात,
आणि फळ्याकडे वळून हसायचात.

परवा बॉयलर बंद पडला.
आलेला माणूस पन्नाशीचा, दंडावर गोंदलेला वाघ.
हॉलमध्ये तुमचा फोटो दिसला तशी टोपी काढली.
दोनदा नापास केलं मला यांनी, म्हणाला.
मग दर शनिवारी इथे, या ओट्यापाशी,
बॅटरी, तारा, दोन बल्ब
आणि खायला काहीतरी पिवळं, दाणे घातलेलं.
पोहे, मी म्हटलं.
त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.
पैसे घेईना. बाबांनी खूप वाद घातला,
हरले,
आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

तुमची पाककृतींची वही माझ्याकडे आली आहे.
उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.
पुरणपोळी, फेब्रुवारी एकोणऐंशी.
निरीक्षण: फुटली. अनुमान: पीठ इथलं.
पुरणपोळी, मार्च.
निरीक्षण: फुटली. अनुमान: पीठ नव्हे, मी.
खाली बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीने:
परीक्षकाने चार खाल्ल्या.

सगळं गोड नव्हतं, हेही लिहू दे.
माझ्या पहिल्या पत्रातला आशिर्वाद
तुम्ही हिरव्या शाईने दीर्घ करून परत धाडलात.
मी चार दिवस फोन उचलला नाही.
लाल शाई मुलांना जखमेसारखी दिसते
म्हणून हिरवी वापरता, हे मला नंतर कळलं.
कळलं तरी लागलंच होतं.
तुमच्या जाण्याची पत्रं मीच लिहिली. अडुसष्ट.
प्रत्येक आशीर्वादापाशी हात थांबला,
शी वर डोळा ठेवून पुढे गेला.

फोटोला हार नको, ही तुमची सक्त ताकीद.
काकूंनी लेस्टरहून आणलेला झेंडूचा
तसाच पिशवीत राहिला, फ्रिजमध्ये,
कोथिंबिरीशेजारी.
टाकवेना, घालवेना.

आज सकाळी टे नदीवरून ते आलं.
आधी पलीकडचा काठ गेला,
मग रेल्वेचा पूल, एकेक खांब करत,
मग मोरॅगची दोरीवरची चादर.
बाबा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते.
निहिरा शाळेचे बूट घालत होती, उलटे.
गरम हवा, थंड पाणी, ती म्हणाली,
अगदी तुमच्या सुरात, बोट वर करून,
बाकी काही नाही.

हो, बाबा म्हणाले,
आणि खिडकी उघडली.
थंडी येईल असं मी म्हणणार होते.
नाही म्हटलं.
ते आत आलं, पडद्यांवरून, खुर्चीवरून,
तुमच्या फोटोच्या काचेवर जरा दमट झालं.
मी पुसायला फडकं घेतलं
आणि तसंच हातात धरून उभी राहिले.