दोन पट्टे

गिरणी बंद झाल्यावरच आम्ही बसतो.
दळण चालू असलं की टेबल थरथरतं
आणि फुटाणीच्या शेपटीची रेघ
ताप भरल्यासारखी येते.
पारोळ्यात, बाजारपेठेमागच्या बोळात,
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दोन वर्षं झाली
एका खारीला जन्माला घालतोय.

हिलालने आयुष्यभर पाट्या रंगवल्या.
अंगणवाडीच्या भिंतीवरचा त्याचा हत्ती
अजून मागच्या पायाने लंगडतो.
तो म्हणतो, लंगडत नाही, निघालाय.
मी लग्नांच्या सीड्या कापायचे.
कुठल्या मावशीला ठेवायचं, कुणाला काढायचं,
एवढंच माझं शिक्षण.

पहिला भाग अकरा मिनिटांचा.
सेकंदाला बारा चित्रं.
म्हणजे सात हजार नऊशे वीस खारी.
हिलालने पेन्सिल कानामागे खोचली.
पाठीवरचे दोन पट्टे उडव, म्हणाला,
एक पुरे,
पंधरा हजार आठशे चाळीस रेघा वाचतील.
जुन्या गोष्टीत ज्याने तीन बोटं फिरवली
त्याला फक्त एकदाच फिरवायची होती.

मग फुटाणी पळाली.
उडी. शेंग. पुन्हा उडी.
वाहिनीच्या बाई फोनवर म्हणाल्या,
पळते छान, पण तिला हवंय काय?
शेंग, मी म्हटलं.
शेंग कुठल्याही खारीला हवी असते हो.
आणि डोळे जरा मोठे करून बघा.
केले मोठे.
रात्रभर ती आमच्याकडे बघत राहिली,
काही न मागता.

मार्चात शाळेत दाखवलं, दुसरीच्या वर्गात.
फळ्यावर चादर, खिडक्यांना खताच्या गोण्या.
पोरं हसली,
आम्ही ठरवलं होतं तिथे नाही,
फुटाणी शिंकते तिथे,
आणि ती शिंक खरं तर माझी चूक होती.
मग रोहिणी मालचे उभी राहिली,
एक हात बाकावर ठेवून.
‘तिना बाकीना दोन पट्टा कथा ग्यात?’

हिलालने माझ्याकडे पाहिलं.
मी वायर गुंडाळायला घेतली.
‘कोणी चोऱ्यात,’ एक पोरगा.
‘पानीमा धवाई ग्यात.’
‘मायनी भाऊले दी टाकात,’
हे रोहिणीच म्हणाली,
आणि त्यावर कुणी हसलं नाही.

म्हसव्यापर्यंत हिलाल गाडीवर गप्प होता.
मग वाऱ्यातच ओरडला,
अगं, तिला पट्टे हवेत!

आता ती शेंग तोंडात धरून थांबते.
नांगरलेल्या वावराकडे बघते.
लुगड्याच्या काठाकडे,
हायवेवरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे,
ट्रक येतोय तरी.
भावाचं लहानसं बीळ काढलंय,
तो पाठ दाखवत नाही कधी.
आवाज रोहिणीचा.
स्टुलावर उभी राहून, माईकला नाक लावून बोलली.
बाई म्हणाल्या, ही बोली सगळ्यांना कळेल का?
मी म्हटलं, शिंक कळली ना.

पट्टे तिला मिळतात की नाही, अजून ठरलेलं नाही.
दहावं मिनिट चाललंय.
काल रात्री जोडताना एक चित्र दिसलं,
हिलालच्या जुन्या सवयीने
पाठीवर तीन पट्टे आलेले,
एकाच चित्रात,
सेकंदाचा बारावा भाग.
कापायची माझी बोटं आपोआप पुढे गेली.

खाली गिरणीवाला शटर ओढत होता.
मी ते चित्र तसंच ठेवलं.
हिलालला सांगितलेलं नाही.