मसाला आधीच वाटायचा

सोमवार ते शनिवार आमचं लग्न
डब्यातून चालतं.
तो बुटीबोरीहून रात्रपाळी करून येतो
तेव्हा मी पाणीपट्टीच्या खिडकीकडे निघालेली असते.
रिकाम्या डब्यात कधी लिमलेटची गोळी,
कधी चिठ्ठी : वांग्यात मीठ नव्हतं.
कधी नुसताच घासून ठेवलेला डबा,
म्हणजे भांडण मिटलं असं समजायचं.

पण शनिवारी संध्याकाळी पाटा खाली येतो.
खोबरं भाजायचं, काळं पडण्याच्या जरा अलीकडे.
जवस, धने, दगडफूल,
खसखस महाग झाली म्हणून चिमूटभर.
वरवंट्याच्या आवाजावरून भिंतीपलीकडच्या
बोरकुटेबाईंना कळतं, हे उद्या पुन्हा जाणार.

मासा तर अजून पाण्यात असतो.
त्याला काय माहीत
की इकडे त्रिमूर्तीनगरात
त्याच्या नावानं वाटीभर मसाला तयार आहे.
"आधी वाटला का मासा येतेच," हंसराज म्हणतो.
मी हिशेब ठेवते. वीसातून सात वेळा आला.

हिंगणा मागे पडलं की स्कूटरचा आवाज बदलतो,
का आमचाच बदलतो कोण जाणे.
झिल्पीच्या काठावर तो गळ टाकून बसतो,
चपलेच्या तुकड्याचा तरंगा, डब्यात गांडुळं,
आणि मी कुंपणाकुंपणानं काटवलं शोधत जाते.
हिरव्यात हिरवं.
टक लावून बघणाऱ्याला ते दिसत नाही.
दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत चालावं,
मग एक दिसतं, आणि लगेच अकरा.

वारुळावरच्या सात्या मात्र मी तोडत नाही.
शेळ्या घेऊन फिरणारी फुलकनबाई भेटली तरच.
ही खायची, ती नाही.
फरक काय, विचारलं तर म्हणाली,
"सांगून नाही येत बाई. फिर दहा वर्स माझ्यासंग."
तिसरं वर्ष चालू आहे.

परवाच्या रविवारी त्यानं मला हातानंच बोलावलं.
शिंगाड्याच्या वेलांपाशी
पाण्याला तांबूस उकळी फुटली होती,
बोटाच्या पेराएवढी पिल्लं, शेकडो,
आणि त्यांच्याखाली एक काळी, जाड, स्थिर सावली.
मरळ. दोन किलोची तरी.
"आता टाकला तर धरन," तो कुजबुजला,
"पण भुकेनं नाही. रागानं धरन."

मी काही बोलले नाही.
माझ्या डोळ्यांपुढे पाट्यावरचा मसाला होता, खरं सांगते.
त्याचा बाप पवनीला वैनगंगेत जाळं टाकायचा,
दारू प्यायचा, उधारी बुडवायचा,
पण पिल्लांवरची मरळ त्यानं कधी उचलली नाही
असं हंसराजनं लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं.

त्यानं दोरा गुंडाळला.
गांडुळं काठावरच्या ओल्या मातीत सोडली.
मग आम्ही बराच वेळ बसलो,
ती उकळी वेलांच्या आत सरकेपर्यंत,
आणि मी आणलेले मुरमुरे संपेपर्यंत.

दारातच बोरकुटेबाई. "किती गावले?"
"दीड किलो," हंसराज म्हणाला,
आणि पिशवी अशी उचलून धरली
की काटवलांनासुद्धा वजन आलं.

मसाला फेकायचा थोडाच.
तेल सुटेपर्यंत परतला,
काटवलं उभी चिरून सोडली,
वर ज्वारीच्या पिठाचा हात, उकळतं पाणी,
तर्री अशी आली की भिंतीपलीकडे
दीड किलोची खात्री पटली असणार.

तो जेवायला बसला. भाकरी मोडली.
पहिला घास जिभेवर फिरवत राहिला,
हळू, सावध, जुन्या सवयीनं,
आणि काटवलातल्या जून बिया
एकेक करून ताटाच्या कडेला
काट्यांसारख्या मांडत गेला.

"नीट खा," मी म्हणाले, "घशात अडकेल."