प्रवाह चढता आहे

दोनशे सतरा शोधनिबंध वाचून झाले.
प्रकरण दुसरे : संशोधनातील प्रवाह.
आलेख दरवर्षी थोडा वर उठतो.
आधी मुलांना कचरा शिकवायचे, मग ऊर्जा आली,
सध्या 'वृत्ती' आणि 'मूल्ये' यांचे दिवस आहेत.
तक्त्यात फिनलंड आहे, कोरिया आहे,
पाच पर्यायांची एक मापनपट्टी आहे
जिचं मराठी मी केलं
आणि सरांनी दोनदा तपासलं.

सावद्याच्या पुढे शाळा.
वाटेत सुकी नदी. नावच सुकी.
पुलावर रिक्षावाल्याला विचारलं, पाणी कुठे आहे हो?
वाळूच्या खाले आहे ना ताई, तो म्हणाला,
रिक्षा न थांबवता.

सातवीची एकतीस मुलं.
खिडकीला लागून केळीची बाग,
आत येणारा गारवा आणि चिकाचा वास.
जुलेखा तडवीच्या ओढणीवर त्याच चिकाचे डाग,
तपकिरी, धुऊन न जाणारे.

प्रश्न एक : हरित अर्थव्यवस्था म्हणजे काय?
तिने लिहिलं,
"जिच्यात माल हिरवा असतानाच कापतात.
पिवळा तो दुसरीकडे होतो."

प्रश्न चार : घरातील टाकाऊ वस्तूंची यादी करा.
हेमराज बराच वेळ पेन चावत बसला.
मग हात वर. मॅडम, जळलेली मोटर टाकाऊ का?
काका म्हणतात तांबं निघंल त्यातून.
आणि केळीचं खोड?
ते तर म्हशीले टाकतो,
म्हणजे टाकाऊ झालं ना?
वर्ग हसला. मीही.
त्याच्या यादीत शेवटी एकच गोष्ट उरली,
शाळेची घंटा, कारण ती फुटली आहे
आणि तरी वाजते,
म्हणून तीही त्याने खोडली.

प्रश्न नऊ : तुम्हाला कोणता हरित रोजगार आवडेल?
(सौर, पवन, सेंद्रिय, इतर.)
जुलेखाने 'इतर'वर खूण केली.
"ट्रकवर. अब्बा भरतात तो ट्रक.
पिवळं कुठे होतं ते बघायचं."

रात्री जळगावच्या लॉजवर सांकेतांक भरत बसले.
योग्य एक, अंशतः योग्य दोन, असंबद्ध नव्व्याण्णव.
तिच्यापुढे नव्व्याण्णव लिहिलं.
खोडलं. दोन लिहिलं.
पंखा फिरत होता, कागद उडत होते,
एका बाजूने छापलेले, पाठकोरे.
निघताना मुलांनी उरलेले मागून घेतले होते, गणितं करायला.
माझ्या प्रस्तावात कागदाबद्दल एक ओळ नाही.

बाईंनी गाडीत फणी ठेवली होती, बारा केळी,
दगडासारखी, गर्द हिरवी.
पुण्यात तांदळाच्या डब्यात घातली,
आणि आलेखाच्या अक्षांची नावं दुरुस्त करत राहिले.

चौथ्या दिवशी खोलीत वास आला.
झाकण काढलं.


जुलेखा, इथे.