आ करा

पस्तीस वर्षं ब्रॉम्सग्रोव्हच्या दवाखान्यात
मी लोकांना म्हणत आलो, आ करा.
आता मंगळवारी नि शुक्रवारी
लाल लाइफजॅकेट चढवून
टार्डेबिगच्या कालव्यावर
दारांना म्हणतो.

तीस लॉक्स. टेकडी चढणारा कालवा.
खालून बघितलं तर काळ्यापांढऱ्या तुळया
एकीच्या डोक्यावर एक,
आणि शेवटी चर्चचा सुळका.

कऱ्हाडच्या वहिनीला फोनवर तीनदा सांगितलं :
अगं, कुलूप नव्हे, हौद. दोन्हीकडून दारं.
बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं,
वरचं पाणी खाली सोडायचं. बोट चढते.
"आणि वरचं पाणी संपत नाही?"
वर तलाव आहे, म्हणालो.
"तरी पण," ती म्हणाली.

आज एस्मे लव्हरिज आली, एकटी.
बोट सत्तर फूट, बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची.
छपरावर पुरुषी बुटांचा जोड,
त्यात पुदिना लावलेला.
मदत करू?
"नको."
दोरी दातांत धरून शिडी चढली.
(दात स्वतःचे. मला कळतं.)
तुळईला पाठ टेकून उभी राहिली, घाई नाही.
दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत
हत्ती लावला तरी दार हलत नाही,
हे तिला सांगावं लागलं नाही.

सातव्या लॉकला, नको.
चौदाव्याला अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं.
बाविसाव्याला म्हणाली,
"इथं आम्ही दर वेळी भांडायचो."
कशावरून?
"दार कुणी उघडं टाकलं यावरून."

शेवटचं सगळ्यांत खोल. चौदा फूट.
ती तळाशी, शेवाळलेल्या ओल्या विटांमध्ये,
मान वर, तोंड थोडं उघडं,
खुर्चीतली माणसं बघतात तशी :
दिव्याकडे नाही, माझ्याकडे नाही,
छताकडे. इथं तर छतही नव्हतं.
"दोरी घे," ती ओरडली.
घेतली.
झडप आधी अर्धीच उचलली,
ठणकत्या दाढेपाशी जातो तसं, बेताबेतानं.
पाणी भरलं. वर आली
आधी टोपी, मग चष्मा,
मग पुदिन्याचा वास.

हात केला नाही. बोगद्याच्या दिशेनं गेली,
इंजिनचा ठकठक आवाज बराच वेळ येत राहिला.
मागचं दार सताड उघडं टाकून गेली होती.
विसरून की काय, कुणास ठाऊक.

मी लावलं.