टेबल दुरुस्ती

निपाणीत, रात्री साडेदहाला,
विडी कामगार महिला पतसंस्थेचं शटर अर्धं ओढून
मी सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवलं.
अकराला तो उठला.
सभासदांची नावं मागितली तर
चार हजार आठशे बारा ओळी,
नुसती प्रश्नचिन्हं.

आमच्या भागात प्रश्न म्हटला की एकच,
माझ्या जन्माच्याही आधीचा.
हे मात्र आजचे, आणि माझे.
एक कबूल करते,
मराठी रकान्यात काय, कन्नड रकान्यात काय,
प्रश्नचिन्हाचा आकडा तसाच वळतो.

बेळगावला विरुपाक्षला फोन लावला.
"घाबरूलालीस कशाला गे,
अक्षरं कुठं गेलीत? चष्मा बदललाय त्याचा.
जुना नंबर सांग."
सांगितला.
शेवंता पुन्हा शेवंता झाली,
गौरव्वा आपल्या गोल गोल लिपीत परतली.
"आता एकेक टेबल तपास. नोडोण."

वॉचमन नदाफचाचा शटरखालून वाकून आत आले.
"टेबल मोडलं म्हणं? सुताराला उठवू काय?"
म्हटलं, चाचा, हे लाकडाचं नव्हं.
"मग कशाचं?"
मला चटकन सांगता येईना.
ते चहा ठेवून तिथंच स्टुलावर बसले.

सभासद: ठीक.
ठेवी: ठीक.
भिशी: इंडेक्स जुन्या वळणाचा,
पाडून नवा बांधला, ठीक.
कर्ज: इथं मशीन इतका वेळ गप्प राहिलं
की मी पंख्याचा आवाज मोजत बसले. मग, ठीक.
वारस: मोडलेलं.

आधी नक्कल, मग दुरुस्ती.
हे कुणी शिकवलं नाही मला,
एकदा हात पोळला तेव्हा कळलं.
कमांड दिली आणि हेस्कॉमची लाईट गेली;
इन्व्हर्टर शिट्टी मारत राहिला,
हायवेवरून कोल्हापूरकडचे ट्रक,
आणि कीबोर्डच्या फटीतून वर येणारा
तंबाखूचा बारीक वास.

दुरुस्ती पूर्ण, म्हणालं मशीन. ठीक.
ओळी: चार हजार आठशे अकरा.

एक कमी.
त्याच्या हिशेबानं ठीकच की.

मग गोणपाटात बांधलेले कागदी अर्ज काढले.
अंगठे, शाई, डाग, शिंका.
चाचा नंबर वाचत होते, मी स्क्रीनवर बोट ठेवून.
पावणेचारला सापडली,
दोन हजार तीनशे सात:
बायजाक्का भरमू कोरवी.
वारस, रुक्साना दस्तगीर मुजावर.
नातं या शब्दापुढं
कुण्या जुन्या कारकुनाच्या तिरप्या अक्षरात:
"शेजारी बसून विड्या वळते."

ते वाक्य रकान्यात मावलं नाही
म्हणून टेबल मोडलं, असं सांगायला बरं वाटलं असतं.
तसं काही नव्हतं.
डिस्कचा एक कोपरा किडला होता, बस्स.
नवीन फॉर्ममध्ये यादी आहे,
मुलगा, मुलगी, पती, इतर.
'इतर' दाबून मी घरी गेले असते,
पाच वाजता दूधवाल्याच्या आधी.

मी रकाना रुंद केला.
वाक्य जसंच्या तसं टाइप केलं,
'वळते'मधला ळ दोनदा तपासला.
पुन्हा एकदा सगळी टेबलं पहिल्यापासून.
ठीक, ठीक, ठीक, ठीक.
वारस: ठीक.

विरुपाक्षचा फोन, झोपेतला आवाज.
"आयतु?"
"आयतु."

बॅग उचलायला वाकले तेव्हा दिसलं,
कॅश काउंटरचं ते डुगडुगणारं टेबल,
ज्याच्यावर सही करताना सगळ्या बायका
एका हातानं कड दाबून धरतात,
त्याच्या आखूड पायाखाली
विडीच्या खोक्याचा पुठ्ठा, दोनदा दुमडून.
चाचांनी मधल्या वेळात कधी सरकवला, कळलं नाही.
मी हलवून बघितलं.
हललं नाही.